'दादर टी.टी.'मधला पहिला 'टी'

मुंबईच्या रस्त्यावर घोड्यांची पहिली ट्राम धावली ती ९ मे १८७४ रोजी. त्याच वर्षाच्या जानेवारीत पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' सुरू झाली होती. शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली ती ३१ मार्च १९६४ च्या रात्री. त्याच्या आदल्याच वर्षी भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' प्रसिद्ध झाली होती. म्हणजे आपण ज्याला आधुनिक मराठी गद्याचा घडणीचा काळ म्हणतो, तो जवळजवळ सगळा ट्रामच्या काळात मावतो. वाङ्मयेतिहास शिकवताना छापखाना, नियतकालिके आणि विद्यापीठ यांचा उल्लेख आपण आवर्जून करतो. रुळांचा करत नाही. तो का करावा, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

ट्रामची कल्पना मुंबईत प्रथम १८६५ साली एका अमेरिकन कंपनीने मांडली. परवानाही मिळाला. परंतु अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले, मुंबईतील पैसा आटला आणि योजना कागदावरच राहिली. पुढे १८७३ मध्ये बॉम्बे ट्रामवे कंपनी स्थापन झाली आणि वर्षभरात दोन मार्ग सुरू झाले: एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणीपर्यंत, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीपर्यंत. कंपनीच्या पागेत नऊशे घोडे होते, असे सांगतात. भाडे तीन आणे होते आणि आरंभी तिकीटच नव्हते. प्रवासी वाढले तसे भाडे दोन आण्यांवर आले आणि फुकट्यांना आळा घालण्यासाठी त्याच वर्षी तिकिटेही आली.

या तपशिलांत आम्हांला महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट. ट्रामचा मार्ग आधी ठरलेला आणि भाडेही आधी ठरलेले. घोडागाडीवाल्याशी घासाघीस करण्याचा प्रश्न उरला नाही. कोट आणि नेटिव टाउन ही मुंबईची दोन जगे त्या रुळांनी रोजच्या व्यवहारात एकमेकांना जोडली. शहर ही रोज ये-जा करण्याची, वेळापत्रकात बसणारी गोष्ट आहे, ही जाणीव इथून रुजू लागली असावी. कचेरीला जाणारा मध्यमवर्गीय नायक मराठी कथेत पुढे सतत भेटतो; त्याच्या दिवसाची आखणी अशा वाहनांनीच केली आहे.

१९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज या कंपनीने कारभार हाती घेतला आणि ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली. १९२० मध्ये दुमजली ट्राम आली, १९२६ मध्ये बस आली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या अवघा आठवडाभर आधी, हा उपक्रम महापालिकेच्या मालकीचा झाला. 'बेस्ट' या नावातले शेवटचे अक्षर मुळात 'ट्रामवेज'चे होते, ते 'ट्रान्सपोर्ट'चे झाले. अक्षर तेच, अर्थ बदललेला. भाषेच्या अभ्यासकाने येथे थांबावे, असे आम्हांला वाटते.

कारण नेमकी उलट गोष्ट दादरला घडली. खोदादाद सर्कलला लोक 'दादर टी.टी.' म्हणतात. ट्राम टर्मिनसचे हे लघुरूप. तेथे ट्राम नाही, टर्मिनसही नाही. अक्षरे तेवढी राहिली. वर्गात कधी विचारले, तर दोन्ही 'टीं'चा अर्थ सांगू शकणारे विद्यार्थी फार थोडे निघतात. मात्र हे नाव सगळेच सहज वापरतात. मुंबईला ही सवय जुनीच आहे. खाडी ओलांडून आलेले लोक जेथे पाय धूत, ती पायधुणी, अशी त्या नावाची व्युत्पत्ती सांगितली जाते. खाडी बुजली, नाव टिकले. पहिल्या दोन्ही ट्राम जेथे जाऊन थांबत, त्या ठिकाणाच्या नावातच एक नाहीसे झालेले पाणी होते, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

ट्राम का गेली? मोटारी वाढल्या, रस्त्याच्या मधोमध असलेले रूळ अडचणीचे ठरले, बस सोयीची वाटली. ही कारणे खोटी नाहीत. मद्रासची ट्राम १९५३ मध्ये बंद झाली, दिल्लीची १९६३ मध्ये. परंतु ट्रामपुढे दुसरा मार्गच नव्हता, असे म्हणता येत नाही. फ्रान्समधील नांत शहराने १९५८ मध्ये ट्राम बंद केली आणि १९८५ मध्ये नव्या रूपात परत आणली. स्ट्रासबर्गने १९६० मध्ये काढून टाकलेली ट्राम १९९४ मध्ये पुन्हा सुरू केली. रस्ता कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर त्या शहरांनी बदलले, एवढाच याचा अर्थ.

कोलकात्यात हा प्रश्न रस्त्यावरच लढला गेला. १९५३ मध्ये ट्रामच्या भाड्यात एका पैशाची वाढ होताच शहर पेटून उठले. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९५४ मध्ये, कवी जीवनानंद दास यांना ट्रामची धडक बसली आणि काही दिवसांनी ते गेले. बंगाली वाचकाच्या मनात ट्राम केवळ वाहन उरली नाही, ती यामुळेही. तेथील सरकारनेही २०२४ मध्ये एका वारसामार्गापुरतीच ट्राम ठेवण्याचा मनोदय जाहीर केला. आणि मुंबईत २०२१ साली भाटिया बागेत स्मृती म्हणून ट्रामचा डबा बसवायचा ठरले, तेव्हा तो कोलकात्याहूनच आणावा लागला. स्वतःची आठवण उसनी आणण्याची वेळ शहरावर आली.

मुंबईत २०१४ साली मेट्रो आली ती उंच खांबांवर; पुढे ती जमिनीखालूनही धावू लागली. तिची गरज कोणी नाकारणार नाही. पण ट्राम रस्त्यावरच होती, पादचाऱ्याच्या पातळीवर. तिच्यात चढायला जिना लागत नव्हता आणि तिच्यातून दुकाने, पाट्या, माणसांचे चेहरे दिसत होते. सार्वजनिक वाहनाला आपण वर किंवा खाली पाठवले आणि मधला रस्ता खासगी मोटारींना सोडला. शहर पाहण्याची जी पातळी त्यामुळे गेली, तीच बहुधा कथा-कादंबरीची पातळी होती. जुन्या मराठी कथेत ट्रामचा खडखडाट भेटला, तर तळटीप देऊन पुढे न जाता विद्यार्थ्यांना एवढे जरूर विचारावे: हे पात्र खिडकीतून काय पाहत होते, आणि आज त्याच जागी ते काय पाहील?