जीवा, शर आणि गोल भिंत

पुणे जिल्ह्यातल्या राजगडावर, संजीवनी माचीला चिलखती बुरूज आहेत. आत एक बुरूज, त्याला बाहेरून कवेत घेणारी दुसरी गोल भिंत आणि दोहोंमध्ये माणूस जाईल एवढीच बोळ. त्या बोळीत उभं राहून बाहेरच्या भिंतीची त्रिज्या मोजायची म्हटलं, तर टेपचं टोक धरायला केंद्रच हाती लागत नाही. ते आतल्या बुरुजाच्या दगडकामात गाडलेलं असतं.

नवी भिंत आखणं त्यामानानं सोपं. गवंडी खुंटी ठोकतो, दोरी ताणून फिरवतो आणि फक्कीची रेघ ओढतो. अडचण येते ती उभ्या भिंतीचं माप घेताना. तिथे दोरी भिंतीच्या दोन बिंदूंमध्ये सरळ ताणायची, ही जीवा. तिच्या मध्यापासून भिंतीच्या पोटापर्यंतचं अंतर काटकोनात मोजायचं, हा शर. अर्ध्या जीवेच्या वर्गाला शरानं भागून त्यात शर मिळवला की व्यास येतो. जीवा ४ मीटर आणि शर ५० सेंटीमीटर असेल, तर व्यास साडेआठ मीटर, त्रिज्या सव्वाचार. केंद्राला हातही लावावा लागत नाही.

या हिशेबाचं कूळ फार जुनं आहे. त्याचं बीज आर्यभटानं इ.स. ४९९ मध्ये सूत्रात बांधलं; भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त त्यावर उदाहरणच घातलं : व्यास १०, जीवा ६, तर शर किती? उत्तर १. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ काढला. तिथला १२०७ चा शिलालेख त्याची साक्ष देतो. आपल्या मुलुखात हे गणित रीतसर शिकवलं जात होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पुढे हेच गणित संगणकात शिरलं. इव्हान सदरलँड यांच्या १९६३ च्या ‘स्केचपॅड’ या प्रोग्रॅमनं संगणकाच्या पडद्यावर रेषांबरोबर वर्तुळाचे कंसही काढले. १९८२ मध्ये नकाशे काढायचं ऑटोकॅड आलं. त्यात तीन बिंदूंतून कंस काढायची आज्ञा असते. जीवेची दोन टोकं आणि शराचं टोक दिलं की काम झालं. ‘लीलावती’चाच हिशेब यंत्र आतल्या आत करतं. मात्र कंसाची लांबी थेट लिहिणारी आज्ञा ऑटोकॅडमध्ये २००६ च्या आवृत्तीत आली. केंद्र कागदाबाहेर पडत असेल तर त्रिज्येची रेषा मध्येच मोडून दाखवायची सोयही त्याच आवृत्तीतली.

तरीही घोटाळा होतो तो माप कोणत्या अंगाचं हे न लिहिल्यामुळे. वरच्याच उदाहरणातली भिंत ६० सेंटीमीटर जाड धरा. सव्वाचार मीटर त्रिज्येच्या आतल्या अंगाला ती सुमारे ४.१६ मीटर भरते आणि बाहेरच्या अंगाला ४.७५. जवळजवळ दोन फुटांचा फरक! दगड, प्लास्टर, फरशी सगळ्यांचा हिशेब तिथे चुकतो. म्हणून नकाशावर त्रिज्या, जीवा, शर आणि माप आतल्या अंगाचं की बाहेरच्या, एवढं लिहायलाच हवं.

संजीवनी माचीची तटबंदी मात्र एका त्रिज्येत बसणारी नाही. डोंगराची सोंड वळते तशी ती वळते. तिचा नकाशा करायचा तर जिथे वळण बदलतं तिथे भिंत तोडायची आणि प्रत्येक तुकड्याची जीवा आणि शर वेगळे घ्यायचे.