बराकीचा क्रमांक आणि मुलाचे मन

फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचे उल्हासनगर झाले. कॅम्प ४ च्या पत्त्यांत बराकींचे क्रमांक अजून आहेत. पत्त्यावरून मुलाचे मन मात्र कळत नाही. ते ऐकणाऱ्यानेच लिहावे लागते.

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच, बोर्डीला, १९४५ पासून ताराबाई मोडक आदिवासी मुलांत काम करीत होत्या. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच अंगणात गेली. पुढे कोसबाडला गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. सहकारी अनुताई वाघांनी ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात ते दिवस लिहून ठेवले.

आजच्या शालेय समुपदेशकाचे काम याच जातीचे. कॅम्प ४ मधल्या समुपदेशकाने मुलांची ओळख झाकून आपली टिपणे छापली, तर २०४९ च्या अभ्यासकाला बराकींच्या क्रमांकांवर भागवावे लागणार नाही.