रेडिएशन न्यूमोनायटिस : किरणोपचारानंतर फुफ्फुसाला सूज का येते?

छातीवर किरणोपचार घेतल्यानंतर काही रुग्णांच्या फुफ्फुसाला सूज येते. तिला ‘रेडिएशन न्यूमोनायटिस’ म्हणतात. फुफ्फुस, स्तन किंवा अन्ननलिकेच्या कर्करोगावर ‘शेक’ घेतलेल्यांमध्ये ती आढळते. हा जंतुसंसर्ग नाही. ही शरीराच्या स्वतःच्या रोगप्रतिकारक पेशींची प्रतिक्रिया असते.

पेशी काय करतात?

किरणांमुळे कर्करोगाच्या पेशींबरोबर वायुकोशांच्या अस्तरातील आणि बारीक रक्तवाहिन्यांतील निरोगी पेशींनाही इजा होते. त्या पेशी धोक्याचे रासायनिक संदेश सोडतात.

• मॅक्रोफेज : वायुकोशांत कायम पहाऱ्यावर असणाऱ्या या पेशी मृत पेशी गिळतात आणि टीएनएफ, इंटरल्युकिन-६ यांसारखी रसायने सोडून मदत मागवतात.

• न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट : या पेशी रक्तातून फुफ्फुसात येतात. त्यांच्या माऱ्यात आसपासच्या निरोगी ऊतींचेही नुकसान होते.

• टी-लिम्फोसाइट : या सूज वाढवतात, तर त्यांच्यातील नियामक पेशी ती आवरतात. शेक एकाच बाजूला दिला असला, तरी काही रुग्णांच्या दोन्ही फुफ्फुसांत लिम्फोसाइट वाढलेल्या आढळतात.

दुरुस्तीच्या टप्प्यात मॅक्रोफेज टीजीएफ-बीटा हे रसायन सोडतात. त्यामुळे फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजन तयार करतात. ही दुरुस्ती वेळेवर थांबली नाही, तर फुफ्फुसावर कायमचा व्रण उरतो. यालाच फायब्रोसिस म्हणतात.

लक्षणे कधी दिसतात?

कोरडा खोकला, धाप, बारीक ताप ही लक्षणे बहुधा उपचार संपल्यावर एक ते सहा महिन्यांत दिसतात. फायब्रोसिस साधारण सहा महिन्यांनंतर दिसू लागते.

महाड-पोलादपूरसाठी हे महत्त्वाचे का?

या भागातील रुग्ण कर्करोगाच्या उपचारांसाठी परळचे टाटा स्मारक रुग्णालय किंवा खारघरचे अ‍ॅक्ट्रेक गाठतात. लक्षणे सुरू होईपर्यंत रुग्ण घरी परतलेला असतो. त्यामुळे तो पहिल्यांदा गावच्या डॉक्टरांकडेच जातो. तिथे हा खोकला पावसाळी सर्दीचा किंवा क्षयाचा वाटू शकतो.

हा फरक ओळखणे गरजेचे आहे. न्यूमोनायटिसवर मुख्य उपचार प्रेडनिसोलोनसारख्या स्टिरॉइडचा असतो. ही औषधे रोगप्रतिकारक पेशींना आवरतात, म्हणूनच क्षय असल्यास तो बळावू शकतो. त्यामुळे आधी थुंकीची तपासणी आणि सीटी स्कॅन करून संसर्ग नाही ना, हे पाहिले जाते. न्यूमोनायटिसचे डाग बहुधा शेक दिलेल्या भागापुरते असतात आणि त्यांची कड अनेकदा सरळ दिसते.

स्टिरॉइड काही आठवडे हळूहळू कमी करतात. बरे वाटले म्हणून ते अचानक बंद केल्यास सूज पुन्हा उसळू शकते.

रुग्णाने काय करावे?

किरणोपचाराची तारीख, मात्रा आणि जागा नोंदवलेला कागद जपून ठेवावा. उपचारानंतर वर्षभरात खोकला किंवा धाप सुरू झाल्यास तो कागद डॉक्टरांना आधी दाखवावा आणि उपचार केलेल्या रुग्णालयालाही कळवावे. विश्रांती घेतानाही धाप लागत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.