दिनविशेष – १० ऑक्टोबर : सहा की पाच?

एका परिचारिकेने एका वेळी किती रुग्ण सांभाळायचे? रुग्णालयांच्या जमाखर्चावर सोडलेला हा प्रश्न कॅलिफोर्नियाने १९९९ साली आजच्या दिवशी कायद्याच्या कक्षेत आणला. गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी ‘असेंब्ली बिल ३९४’वर सही केली. परिचारिका-रुग्ण प्रमाणाची अशी सक्ती करणारे ते अमेरिकेतले पहिले राज्य.

विधेयक शीला क्यूल यांचे. चिकाटी मात्र कॅलिफोर्निया नर्सेस असोसिएशनची. आधीच्याच वर्षी गव्हर्नर पीट विल्सन यांनी असे विधेयक नाकारले होते.

प्रत्यक्ष आकडे लागू व्हायला २००४ उजाडले. सर्वसाधारण वॉर्डात सहा रुग्णांमागे एक परिचारिका आणि पुढच्या वर्षापासून पाचांमागे एक. प्रमाण जेवणाच्या सुट्टीतही पाळायचे, हे विशेष. कारण रुग्णाची प्रकृती घड्याळ पाहून बिघडत नाही.

खरी कसोटी पुढेच होती. २००४ च्या अखेरीस गव्हर्नर आर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी पाचांचा नियम लांबणीवर टाकला आणि विरोध करणाऱ्या परिचारिकांना ‘हितसंबंधी गट’ ठरवले. रात्रंदिवस रुग्णांच्या उशाशी उभे राहणाऱ्यांना हे शब्द झोंबणारच! परिचारिका फलक घेऊन गव्हर्नरांच्या कार्यक्रमांबाहेर जमू लागल्या. संघटना न्यायालयातही गेली. मार्च २००५ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. नोव्हेंबरमध्ये श्वार्झनेगर यांनी सार्वमतासाठी पुढे केलेले इतर विषयांवरचे चारही प्रस्ताव मतदारांनी फेटाळले आणि त्याच महिन्यात त्यांनी परिचारिकांविरुद्धची न्यायालयीन लढाई सोडून दिली.