पोत्यावरचे ६० आणि पोत्यातले ५०

१/ दौंड तालुक्यातील पाटस हा उसाचा मुलूख. खडकवासल्याहून निघालेला मुठा उजवा कालवा एकोणिसाव्या शतकात या भागात पोहोचला; आज गावालगत मधुकरनगरात भीमा सहकारी साखर कारखाना आहे. इथल्या उसाला पडणाऱ्या पोटॅशच्या पोत्यावर ‘६० टक्के’ असे छापलेले असते. हा आकडा शेतीचा कमी आणि रसायनशास्त्राच्या इतिहासाचा अधिक आहे.

२/ आधी गणित. म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. पोटॅशियमचा अणुभार ३९.१, क्लोरीनचा ३५.५, बेरीज ७४.६.
३९.१ ÷ ७४.६ × १०० = ५२.४
म्हणजे शंभर टक्के शुद्ध क्षारातही पोटॅशियम ५२.४ टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. मग पोत्यावर ६० कसे?

३/ कारण तो आकडा पोटॅशियमचा नाही, पोटॅशियम ऑक्साइडचा आहे. गंमत अशी की पोटॅशियम क्लोराइडमध्ये ऑक्सिजनचा एकही अणू नसतो. जे पोत्यात नाही, त्याच्या मापाने पोते मोजले जाते.

४/ याचे मूळ अठराव्या शतकाच्या अखेरीस सापडते. लाव्हाझिएच्या रसायनशास्त्रात ऑक्सिजन केंद्रस्थानी होता. प्रत्येक आम्लात तो असतो आणि आम्ल व अल्क मिळून क्षार बनतो, अशी त्याची मांडणी होती. लाकडाच्या राखेतून भांड्यात आटवून काढलेला क्षार म्हणजे ‘पॉट-अ‍ॅश’, अर्थात पोटॅश. १८०७ मध्ये हम्फ्री डेव्हीने त्यातून विजेच्या साहाय्याने नवा धातू वेगळा केला आणि राखेच्याच नावावरून त्याला पोटॅशियम म्हटले.

५/ स्वीडनच्या बर्झेलियसने ही द्वैती मांडणी पुढे नेली. १८१८ मध्ये त्याने अणुभारांचा विस्तृत तक्ता प्रसिद्ध केला; त्यात ऑक्सिजन १०० धरून इतर मूलद्रव्ये मोजली होती. क्षारांचे पृथक्करण ऑक्साइडांच्या रूपात लिहिण्याची रीत या काळात रुजली.

६/ सिद्धान्त पुढे मोडला. क्लोरीन हे ऑक्सिजनरहित मूलद्रव्य आहे, हे डेव्हीने १८१० मध्येच दाखवले होते. तरी १८६१ पासून जर्मनीतील श्टासफुर्टच्या खाणींतून पोटॅशचा व्यापार वाढला, तेव्हाही ऑक्साइडचे माप टिकून राहिले. शास्त्रज्ञांनी सोडलेली भाषा व्यापाराने सांभाळली.

७/ भारताच्या १९८५ च्या खत नियंत्रण आदेशातही स्फुरद आणि पालाश ऑक्साइडच्या रूपातच मोजले जातात. नत्र मात्र मूलद्रव्य म्हणून: युरियाच्या रेणुभारातील ६० पैकी २८ नत्र, म्हणजे ४६.७ टक्के, पोत्यावर ४६. त्यामुळे १०:२६:२६ या मिश्रखताच्या तीन आकड्यांत पहिला मूलद्रव्याचा आणि उरलेले दोन ऑक्साइडांचे.

८/ याचा हिशेब बांधावर होतो. आडसाली उसाची हेक्टरी शिफारस ४००:१७०:१७० किलो. यातील पालाशाचे १७० किलो ऑक्साइडचे असल्याने म्युरिएट ऑफ पोटॅश सुमारे २८३ किलो लागते. तेच १७० शुद्ध पोटॅशियमचे समजले, तर खत ३४१ किलोवर जाते. ५० किलोचे एक पोते नाहक वाढते. स्फुरदात हीच चूक खत जवळपास २.३ पटींवर नेते.

९/ ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये खतांचे आकडे मूलद्रव्यांत देतात. म्हणून तिकडची शिफारस इकडच्या पोत्याला जशीच्या तशी लावता येत नाही. रूपांतर सोपे आहे: ऑक्साइडच्या आकड्याला पालाशासाठी ०.८३ ने आणि स्फुरदासाठी ०.४४ ने गुणावे. ६० × ०.८३ = ४९.८. पाटसच्या शेतात पोत्यातून प्रत्यक्ष पडणारे पोटॅशियम एवढेच. वरचे दहा टक्के बर्झेलियसच्या काळातल्या ऑक्सिजनचे.