कंपवात आणि आमच्या रानातील दोन वनस्पती

परप्रांती जमणाऱ्या आमच्या बैठकींत कंपवाताचा विषय निघाला, की कोणीतरी म्हणतोच, ‘यात नवे ते काय? आपल्या वैद्यांस हे सारे ठाऊक होते!’ या बोलण्यात सत्याचा अंश आहे खरा. परंतु इतिहास त्याहून अधिक काही सांगतो.

१८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी या व्याधीवर एक छोटेखानी निबंध लिहिला. त्यात रुग्ण सहाच, आणि त्यांतील काहींची गाठ तर रस्त्यातच पडलेली. पुढे फ्रान्समध्ये शार्को यांनी व्याधीस पार्किन्सन यांचे नाव दिले. कारण मात्र अज्ञातच राहिले.

ते उलगडण्यास आपली सर्पगंधा कारणी लागली. रक्तदाबावरील तिच्या गुणाविषयी मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली एका ब्रिटिश नियतकालिकात लेख लिहिला. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्या मुळांतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी ते सशांस दिले, तेव्हा ससे निश्चल झाले. एल-डोपा टोचताच पुन्हा हिंडू लागले. हा प्रयोग १९५७ सालचा. १९६० साली व्हिएन्नात एरिंगर व हॉर्निकिएविच यांनी दाखविले, की कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामीन फार कमी असते. १९६७ साली अमेरिकेत कोट्झियास यांनी डोपाची मात्रा हळूहळू वाढवीत नेऊन जखडलेल्या रुग्णांस हालते-चालते केले.

हेच एल-डोपा आपल्या खाजकुहिलीच्या बियांत असते. दामोदरन व रामस्वामी यांनी ते १९३७ सालीच वेगळे केले होते. त्याही पूर्वी, १९१३ साली, स्वित्झर्लंडमध्ये गुगेनहाइम यांनी ते एका शेंगवर्गीय वनस्पतीतून मिळविले होते. द्रव्य दोन्हीकडे हाती होते. त्याची या व्याधीशी सांगड घालण्याचे मात्र त्या वेळी दोन्हीकडे कोणास सुचले नाही. तेव्हा अभिमान वाटावा तो चिकाटीने प्रश्न विचारणाऱ्यांचा, मग ते कोणत्याही देशाचे असोत.

एल-डोपाने व्याधी समूळ जात नाही. उरलेला भार माणसांनीच वाटून घ्यावा लागतो. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ हे काम करते. तेथे रुग्णास ‘शुभार्थी’ व त्याची काळजी वाहणाऱ्यास ‘शुभंकर’ म्हणतात. परप्रांती आपणांस असे मंडळ जवळ असेलच असे नाही. म्हणून आपल्यापैकी कोणाचा हात कापू लागला, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून न देता त्यास डॉक्टरांकडे न्यावे, आणि बैठकीतील त्याची जागा राखून ठेवावी, एवढेच आमचे सांगणे आहे.