मोठा मासा कुठे मिळतो?

गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरायचे, हा उद्योग आपल्याकडच्या माणसाला सांगितला तर तो आधी हसेल. पण अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत आणि कॅनडात हा लाखो लोकांचा छंद आहे. गिरमिटाने बर्फात आठ-दहा इंच रुंदीचं भोक पाडायचं, हातभर लांबीच्या काठीला दोरा आणि गळ लावायचा, आमिष खाली सोडायचं आणि बसायचं. बाहेर उणे वीस तापमान. हौशी लोक बर्फावर चक्क खोपी उभारतात, आत शेगडी पेटवतात आणि पत्ते खेळत रात्र काढतात.

माझा भाचा मिनिआपोलिसला असतो. नव्या देशात गेलेला माणूस तिथला एखादा छंद उचलतो, तसा त्याने हा उचलला. यंदा त्याला ‘ट्रॉफी वॉलआय’ हवा आहे. म्हणजे फोटो काढून भिंतीवर लावावा असा, तीस इंचांच्या आसपासचा मासा. कुठल्या तळ्यावर जावं यावर त्याच्या मित्रांत एकमत होईना. शेवटी त्याने मला तीन नावं पाठवली: रेड लेक, मिल लॅक्स आणि लेक ईरी. सोबत एक ओळ: “मावशी, तू आयुष्यभर इतिहास शिकवलास, या तळ्यांचाही शोधून काढ बघू.”

गळ कसा टाकावा यातलं मला काही कळत नाही. पण या तीन तळ्यांचं वाचत गेले आणि त्यातच गुंतले. मोठा मासा कुठे मिळतो या प्रश्नाचं उत्तर पाण्यात जितकं आहे, तितकंच कागदपत्रांत आहे. ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं.

आधी माशाची ओळख. वॉलआय हा गोड्या पाण्यातला मासा. अंगाने सोनेरी-हिरवट, दात तीक्ष्ण. मांजराच्या डोळ्यांसारखे याचे डोळे उजेडात चमकतात, कारण डोळ्यांच्या मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो. त्यामुळे गढूळ पाण्यात आणि कातरवेळी त्याला इतर माशांपेक्षा चांगलं दिसतं, आणि तीच त्याची शिकारीची वेळ. मिनेसोटाने १९६५ मध्ये त्याला राज्याचा मासा म्हणून मान दिला. तिथले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक त्याला ‘ओगा’ म्हणतात.

आता महत्त्वाची गोष्ट. हा मासा सावकाश वाढतो. फार मोठे वॉलआय बहुतेक सगळे माद्या असतात, आणि मिनेसोटासारख्या थंड प्रदेशात तीस इंची मादी तयार व्हायला दहा-पंधरा वर्षं, कधी त्याहूनही जास्त लागतात. म्हणजे आज गळाला मोठा मासा लागला, तर त्या तळ्यात दहा-पंधरा वर्षांपूर्वी पिल्लं जगली होती आणि तेव्हापासून तिला कुणी जाळ्यात घेतलं नव्हतं, असा त्याचा अर्थ. माणसं त्या तळ्याशी कशी वागली, याचा तो जिवंत पुरावाच.

पहिलं तळं रेड लेक. तळं कसलं, समुद्रच. वरचं आणि खालचं मिळून सुमारे ११७० चौरस किलोमीटर. हिमयुगाच्या शेवटी इथे अगासी नावाचं प्रचंड सरोवर होतं, त्याचा हा उरलेला तुकडा. खालचं रेड लेक संपूर्ण आणि वरच्याचा बराचसा भाग रेड लेकच्या ओजिब्वे लोकांच्या मालकीचा आहे. वरच्या तळ्याचा पूर्वेकडचा भाग तेवढा राज्याचा. १८८९ च्या करारात जमीन सोडताना दोन्ही तळी पूर्णपणे आपल्याकडे राहतील अशी सरदारांची समजूत होती, आणि सरकारी रेषा मात्र पाण्यातून गेली, असं रेड लेकचे लोक आजही सांगतात. भाच्यासारखा बाहेरचा माणूस जातो तो त्या रेषेच्या पूर्वेला. बर्फावर रेषा दिसत नाही, पण ती आहे.

इथे व्यापारी मासेमारी सुरू झाली ती पहिल्या महायुद्धात. १९१७ मध्ये अन्नाची टंचाई होती, म्हणून राज्य सरकारनेच ती सुरू केली. १९२९ मध्ये ओजिब्वे मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली आणि कित्येक घरांची चूल या माशावर पेटू लागली. पुढे जे जगभर होतं तेच झालं. जाळी वाढली, ठरलेल्या कोट्याबाहेर चोरटी विक्री वाढली, राज्याच्या बाजूने हौशी लोकांचे गळ होतेच. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अंडी घालण्याजोगे वॉलआय जवळजवळ संपले.

यापुढचा भाग मला फार मोलाचा वाटतो. १९९७ मध्ये त्या सहकारी संस्थेच्या मच्छीमारांनी स्वतः मतदान करून व्यापारी मासेमारी थांबवली. ज्यांचं पोट त्यावर होतं, त्यांनी. १९९८ मध्ये जमातीने घरच्या खाण्यापुरती मासेमारीही बंद केली. राज्याने आपल्या बाजूचं पाणी बंद केलं ते १९९९ मध्ये. ज्यांचा हक्क सर्वांत जुना, त्यांनी आधी हात मागे घेतला. आपल्याकडे पावसाळ्यात दोन महिने होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, तेवढ्यातच घरात ओढाताण होते. इथे वॉलआयपुरती ती जवळजवळ नऊ वर्षं होती.

एप्रिल १९९९ मध्ये जमात, राज्य आणि केंद्र सरकारचं इंडियन खातं यांनी एकत्र करार केला. १९९९, २००१ आणि २००३ या तीन वर्षांत मिळून दहा कोटींहून जास्त मत्स्यबीज पाण्यात सोडलं. वॉलआय नसल्याच्या काळात तिथे क्रॅपी नावाचा दुसरा मासा बेसुमार वाढला, आणि त्याच्यामागे हिवाळ्यात हौशी लोकांची झुंबड उडाली, ही त्यातली गंमत. पण वॉलआयला कुणी हात लावायचा नाही, हा नियम टिकला. मे २००६ मध्ये तळं पुन्हा खुलं झालं. किती मासे ठेवायचे, किती लांबीचे परत सोडायचे, हे तेव्हापासून मोजमाप करून ठरवतात. आज रेड लेकला वॉलआय भरपूर मिळतो, पण बहुतेक मध्यम आकाराचा, ताटात येण्याजोगा. ट्रॉफीसाठी हे पहिलं ठिकाण नव्हे.

दुसरं तळं मिल लॅक्स. फ्रेंचांनी दिलेल्या या नावाचा अर्थ ‘हजार तळी’, पण तळं एकच आहे. रेड लेकवर करार झाला त्याच वसंत ऋतूत, २४ मार्च १९९९ रोजी, या तळ्याबद्दलचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात लागला. १८३७ च्या तहात ओजिब्वे लोकांनी इथला मोठा मुलूख अमेरिकेला दिला, पण शिकार, मासेमारी आणि रानभात गोळा करण्याचा हक्क राखून ठेवला. १८५० मध्ये राष्ट्राध्यक्ष टेलर यांनी एका हुकुमाने तो काढून घेतला. पुढे १८५८ मध्ये मिनेसोटा राज्य झालं, आणि राज्याने शतकभर या लोकांना आपलेच शिकारीचे आणि मासेमारीचे नियम लावले. १९९० मध्ये मिल लॅक्सच्या लोकांनी दावा लावला. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की तो हुकूम बेकायदा होता आणि हक्क अजून शाबूत आहे. १६२ वर्षांपूर्वीचा कागद जिंकला. मुलांना तहांची कलमं पाठ करायला लावणाऱ्या मास्तरणीला याहून मोठा आनंद कोणता!

निकालाने कटुता मात्र संपली नाही. आपला मासा आता जाळ्यात जाणार म्हणून काठावरचे हौशी लोक आणि धंदेवाले नाराज होते. पुढे मासा खरोखर कमी झाला तेव्हा पुष्कळांनी जमातीकडे बोट दाखवलं. अभ्यासकांना जे दिसलं ते अधिक गुंतागुंतीचं आहे. अंड्यांतून पिल्लं निघत होती, पण ती मोठी होईपर्यंत जगत नव्हती. पाणी पूर्वीपेक्षा नितळ झालं होतं, आणि अंधुक पाण्यात शिकार करणाऱ्या माशाला ते मानवत नाही. २००५ मध्ये झेब्रा शिंपले सापडले, २००९ मध्ये आणखी एक परका जलजीव. ऑगस्ट २०१५ मध्ये राज्याला हंगाम मध्येच बंद करावा लागला. नंतरच्या काही उन्हाळ्यांत तर धरलेला वॉलआय लगेच सोडायचा, असाच नियम होता. पण या कडक नियमांत २०१३ साली जन्मलेली पिल्लं बऱ्याच संख्येने वाचली आणि वाढली. आज मिल लॅक्सला मोठे मासे गळाला लागतात, त्यामागे हे आहे.

तिसरं लेक ईरी. १९६० च्या दशकात हे सरोवर मेलं, असंच लोक म्हणत. कारखान्यांचं आणि शहरांचं सांडपाणी, शेवाळ, कुजकट वास. त्याला मिळणाऱ्या कायाहोगा नदीवरच्या तेलकट तवंगाने जून १९६९ मध्ये पेट घेतला. वॉलआयचा निळसर भाऊबंद ‘ब्लू पाइक’ इथे जाळी भरभरून मिळायचा. १९५० च्या दशकाच्या शेवटी तो कोसळला, आणि १९८३ मध्ये नामशेष झाल्याचं जाहीर झालं.

वॉलआयही त्याच वाटेवर होता. १९७० मध्ये माशांत पारा सापडला आणि वॉलआयची मासेमारी थांबवावी लागली. खायला धोक्याचा ठरला म्हणून मासा वाचला! दोन वर्षांनी, १९७२ मध्ये, अमेरिका आणि कॅनडा यांनी पाण्याच्या शुद्धतेचा करार केला, सांडपाण्यातलं फॉस्फरस कमी करायला घेतलं. १९८० च्या दशकात वॉलआय भरभरून परतला. ओहायोतलं काठावरचं पोर्ट क्लिंटन गाव १९९६ पासून ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री वीस फुटी खोटा वॉलआय वरून खाली सोडून नववर्ष साजरं करतं. २०१५ आणि २०१८ मध्ये इथे फार मोठी पैदास झाली. दहा पौंडांचा मासा हवा तर ईरीला जा, असं जाणकार सांगतात ते खरंच आहे.

पण ईरीचा बर्फ भरवशाचा नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये बर्फाचा मोठा तुकडा किनाऱ्यापासून सुटला आणि त्यावर अडकलेल्या सुमारे १३४ जणांना हेलिकॉप्टरने आणि होड्यांनी बाहेर काढावं लागलं. एकाचा जीव गेला. अलीकडच्या काही हिवाळ्यांत तर तिथे चालण्याजोगा बर्फ धरलाच नाही. लवकर गोठणारं रेड लेकही याला अपवाद नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे दोनशेच्या आसपास माणसं अशीच अडकली होती, आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा शंभराहून जास्त. माणसाला चालायला किमान चार इंच नितळ, पक्का बर्फ हवा, छोट्या मोटारीला नऊ-दहा इंच. हे मिनेसोटाचं सरकारच सांगतं. शिवाय कुठलाही बर्फ पूर्ण सुरक्षित नसतो, असंही सांगतं.

भाच्याला मी लिहिलं: मोठा मासा हवा तर मिल लॅक्सला जा. घरापासून दोनेक तासांवर आहे, त्यामुळे बर्फ पातळ दिसला तर जिवावर न येता परत फिरता येईल. ईरीसाठी लांबचा प्रवास करून गेलास, की बर्फ कसाही असो, उतरायचा मोह होईल. रेड लेकला खाण्यापुरते दोन मासे आणायला जा, पण तो मासा तिथे का आहे हे बरोबरच्या मित्रांना सांग. निघण्यापूर्वी त्या हंगामाचे नियम वाच.

आणि मोठी मादी लागलीच, तर फोटो पटकन काढ आणि तिला पाण्यात सोड. त्या थंडीत तिचे कल्ले आणि डोळे बाहेर फार वेळ टिकत नाहीत. तिच्या पोटात पुढच्या वसंतातली अंडी वाढत असतात. तू शाळेत होतास तेव्हापासून ती त्या पाण्यात आहे, आणि तिला तिथे राहू देण्यासाठी कुणीतरी आपला घास बाजूला ठेवला आहे.

इतिहास म्हणजे मेलेल्या राजांची यादी, असं माझे विद्यार्थी म्हणायचे. त्यांना आता ही तीन तळी दाखवावीत असं वाटतं. १८३७ चा कागद, १९७० ची बंदी, १९९७ चं मतदान. आज बर्फाखाली काय पोहतं आहे, ते यांनी ठरवलं आहे.

असो. अमेरिकेतल्या नातेवाइकांपैकी किंवा वाचकांपैकी कुणी बर्फावर मासे धरायला गेलं असेल, तर जरूर लिहा. माशाचं वजन नाही कळवलंत तरी चालेल, तळ्याची गोष्ट मात्र कळवा.